सेंट पीटर्सबर्ग, १८४०: उष्णतेचा हिशेब

साल १८४०. तुम्ही सेंट पीटर्सबर्गमध्ये, वासिल्येव्स्की बेटावर उभे आहात. नेव्हा नदीवरून येणारा वारा जाड कोटालाही जुमानत नाही. समोर विज्ञान अकादमीची उंच खांबांची इमारत दिसते. आत जाण्यापूर्वी शाळेत शिकलेल्या काही गोष्टी बाजूला ठेवा. ‘ज्यूल’ नावाचे एकक अजून अस्तित्वात नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमही नाही. मायर यांचा त्यावरचा पहिला लेख यायला दोन वर्षे आहेत आणि ज्यूल यांचे आकडे त्याच्याही नंतर येणार आहेत. उष्णता म्हणजे नेमके काय, यावरच विद्वानांचे एकमत नाही.

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच अमोनियाचा उग्र दर्प नाकात शिरतो आणि डोळ्यांत पाणी येते. टेबलापाशी उभे आहेत जर्मेन हेस. वय ३८. जन्म जिनिव्हाचा, पण वाढले रशियात. दोर्पातला वैद्यकी शिकले, स्टॉकहोमला रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्याकडे काही काळ काम केले, सैबेरियातल्या इर्कुत्स्कला डॉक्टरकी केली आणि अखेर रसायनशास्त्रातच रमले. रशियन विद्यार्थी त्यांच्याच पाठ्यपुस्तकावर शिकत आहेत. आज मात्र त्यांचे सारे लक्ष थर्मामीटरच्या पाऱ्यावर आहे.

तुम्हीही पाऱ्यावर नजर ठेवा. उष्णता डोळ्यांना दिसत नाही आणि तराजूत मावत नाही. पण पाणी मोजता येते आणि पाणी किती अंशांनी तापले तेही मोजता येते. जोसेफ ब्लॅक यांनी स्कॉटलंडमध्ये आधीच दाखवून दिले आहे की तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेलाभर पाणी आणि बादलीभर पाणी एकेका अंशाने तापवले, तर बादलीला कितीतरी जास्त उष्णता लागते. म्हणून नुसती तापमानातली वाढ पुरत नाही, तिला पाण्याच्या वजनाने गुणावे लागते. कॅलरीमापीचे सारे गणित या एका गुणाकारावर उभे आहे.

आता प्रयोग पाहा. संहत सल्फ्युरिक आम्ल अमोनियाच्या द्रावणात मिसळले जाते. दोन्ही एकमेकांना उदासीन करतात आणि पारा झपाट्याने वर चढतो. आकडा वहीत उतरतो: आम्लाच्या ठरावीक वजनामागे ५९५.८.

दुसऱ्या खेपेस हेस आधी आम्लात थोडे पाणी मिसळून घेतात. नुसत्या पाण्यानेही आम्ल तापते, म्हणून ती उष्णता वेगळी मोजली जाते: ७७.८. मग हे विरल आम्ल अमोनियाला मिळते. या वेळी पारा पहिल्याइतका चढत नाही: ५१८.९. पाणी आणखी वाढवले की पाण्याकडून ११६.७ आणि अमोनियाकडून ४८०.५. त्याहून जास्त विरल केले की १५५.६ आणि ४४६.२.

पेन्सिल घ्या आणि बेरजा स्वतः करा. पहिली ५९५.८. दुसरी ५९६.७. तिसरी ५९७.२. चौथी ६०१.८.

थोडे थांबा आणि या चार आकड्यांकडे पुन्हा पाहा. आम्लाला अमोनियापर्यंत नेण्याच्या वाटा चार होत्या. एका वाटेने सगळी उष्णता एकदम सुटली, बाकीच्या वाटांनी हप्त्याहप्त्याने. एकूण रक्कम मात्र जवळजवळ तीच राहिली. आरंभ तोच आणि शेवट तोच असेल, तर मधल्या टप्प्यांनी एकूण उष्णता बदलत नाही, हे हेस यांनी ओळखले. त्याच वर्षी त्यांनी ते जाहीर केले आणि आज जगभरची मुले ते ‘हेसचा नियम’ म्हणून शिकतात. जी अभिक्रिया थेट मोजता येत नाही, तिची उष्णता मोजता येण्याजोग्या अभिक्रियांच्या बेरीज-वजाबाकीतून काढायची सोय या नियमाने झाली.

आणखी एक बाब नीट पाहा. ५९५.८ आणि ६०१.८ यांत सहाचा फरक आहे. हेस यांना नियम दिसला होता. चौथा आकडा हळूच पाच-सहाने खाली आणला असता तर कोणाला कळले असते? त्यांनी तसे केले नाही. जो आला तो आकडा छापला. नियम खरा होता, म्हणून एवढ्याशा फरकाने तो डळमळला नाही.

आता काळात पुढे सरका. कोपनहेगनमध्ये ज्युलियस थॉमसन वर्षानुवर्षे असेच मोजत बसले आहेत. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या किंवा नायट्रिक, सोडियम हायड्रॉक्साइड घ्या किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दर मोलमागे आकडा १३.७ किलोकॅलरीच्या, म्हणजे सुमारे ५७ किलोज्यूलच्या आसपासच येतो. आम्ल बदलते, आम्लारी बदलते, तरी उष्णता बदलत का नाही?

उत्तर स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांच्या १८८७ च्या आयन-सिद्धांतात सापडते. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी पाण्यात आधीच आयनांत विभागलेले असतात. सोडियम आणि क्लोराइड नुसते प्रेक्षक असतात. खरी अभिक्रिया हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होण्याची, आणि ती सगळीकडे एकच. सौम्य आम्लाचे रेणू आधी फोडावे लागतात आणि त्यात सहसा उष्णता खर्ची पडते. म्हणूनच हायड्रोसायनिक आम्लाच्या वाट्याला जेमतेम १२ किलोज्यूल उरतात.

शेवटचा मुक्काम आजच्या प्रयोगशाळेत. तुमच्यापुढे थर्मोकोलचा पेला आहे. त्यात ५० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, दर लिटरला एक मोल. तेवढेच आणि त्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड एकदम ओता, झाकण लावा, हलक्या हाताने ढवळा. तापमान २५ वरून ३१.७ अंशांवर गेले, असे धरू. म्हणजे वाढ ६.७ अंश. द्रावण सुमारे १०० ग्रॅम. दर ग्रॅमला एक अंश तापायला ४.१८ ज्यूल लागतात. तिन्हींचा गुणाकार सुमारे २८०० ज्यूल. पाणी तयार झाले ०.०५ मोल. भागाकार केला की मोलमागे ५६ किलोज्यूल.

अपेक्षा ५७ ची होती. मोलमागे उरलेला एक किलोज्यूल पेल्याने, थर्मामीटरने आणि भोवतालच्या हवेने घेतला. इथेच अनेकांना शेजारच्या वहीतला ‘बरोबर’ आकडा उतरवायचा मोह होतो. तसे करू नका. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा, आलेख काढा, थंड होत जाणारी रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे न्या. हवेत गेलेली उष्णता बरीचशी हिशेबात परत येईल. पेल्याने किती घेतली तेही कोमट पाणी ओतून वेगळे मोजता येते.

शिक्षकांनाही एक विनंती. हा प्रयोग फळ्यावर उरकू नका, प्रत्येक मुलाच्या हातात थर्मामीटर द्या. आकडा ५७ आला नाही म्हणून गुण कापू नका; उष्णता कुठे गेली हे ज्याने शोधले त्याला पूर्ण गुण द्या. हेस यांचे आकडेही एकमेकांशी तंतोतंत जुळले नव्हते, आणि नियम त्याच आकड्यांतून निघाला.