जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर : मोठा बोअर घेतला की ब्रेक चांगला लागतो?

प्रीमिअर पद्मिनी किंवा जुनी अ‍ॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की पैसे आधी रंगावर आणि सीटवर जातात. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मात्र ‘मिळेल तो’ बसवला जातो. पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा पंप तो हाच, त्यामुळे इथली चूक थेट रस्त्यावर कळते.

सगळ्यात मोठा गैरसमज बोअरबद्दल, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाबद्दल आहे. मोठा बोअर म्हणजे जास्त ताकद, असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच. पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमीच्या सिलिंडरच्या जागी सात सूत, म्हणजे २२.२ मिमीचा बसवला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं. तेवढाच दाब तयार व्हायला पायालाही ३६ टक्के जास्त जोर लावावा लागतो. पेडल कडक लागतं, कमी खाली जातं, म्हणून ब्रेक ‘टाइट’ झाल्यासारखे वाटतात. पण पूर्वीइतकाच जोर लावला तर गाडी उशिरा थांबते. बूस्टर नसलेल्या गाडीत हे फारच जाणवतं. बोअर फार लहान असेल, तर पेडल तळाला टेकलं तरी चाकांपर्यंत पुरेसं ऑइल जात नाही.

म्हणून आधी कंपनीचं मूळ माप शोधा. जुन्या सिलिंडरच्या अंगावर ते बऱ्याचदा उठवलेलं असतं. ड्रम काढून पुढे डिस्क बसवल्या असतील तर हिशेब बदलतो. ड्रमच्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड घासत राहतात आणि तापतात.

सिंगल सर्किटमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी रोज चालवणार असाल तर ‘ओरिजिनल’चा हट्ट सोडून ड्युअल सर्किट घेतलेलं बरं. पाइपिंग बदलावं लागतं, ते जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

जुन्याच सिलिंडरला रबर किट टाकून चालेल का? आत गंज किंवा चरे नसतील तर चालेल. सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर बहुतेक आतले सील गेलेले असतात. मिनरल ऑइल मात्र चुकूनही टाकू नका, नेहमीच्या ब्रेकचे रबर त्याने फुगतात.

बसवताना पुशरॉडला किंचित मोकळीक ठेवावी लागते. ती नसेल तर ऑइल टाकीत परतत नाही आणि काही किलोमीटरमध्ये ब्रेक आपोआप धरायला लागतात.