कल्याणीचा गळ

विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी किंवा कंधारच्या तलावाच्या बांधावर फायबरचा रॉड आणि चकाकते रीळ घेऊन तासन्‌तास उभा राहणारा, आणि एवढ्या तपश्चर्येनंतर हाती लागलेला मासा कित्येकदा पुन्हा पाण्यात सोडून देणारा एखादा सुशिक्षित हौशी गृहस्थ दिसला, की वाटेने जाणारा मनुष्य हे साहेबी थेर आहे असा निकाल मनातल्या मनात देऊन पुढे चालू लागतो. पोटासाठी मासे धरणे हे भोयाचे काम आणि करमणुकीसाठी मासे धरणे हे इंग्रजाचे व्यसन, अशी एक ठाम वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी निदान नांदेड-लातूरच्या मुलखात तरी टिकणारी नाही, आणि तिच्याविरुद्धचा अव्वल पुरावा विलायतेच्या नव्हे, तर निलंग्यापासून दहा-बारा कोसांवर असलेल्या कल्याणीच्या दफ्तरातून निघतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ठाऊक असतो तो ओवीमुळे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे आणि आपल्या छंदाच्या प्राचीनत्वासाठी तो वारंवार पुढे केला जातो. खाद्यपदार्थांच्या इतिहासाचे शोधक त्याच ग्रंथात इडलीचे आणि धिरड्याचे पूर्वज शोधीत असतात. ओवीच्या निमित्ताने त्याची पाने चाळताना ‘मत्स्यविनोद’ या मथळ्याशी माझी दृष्टी अडखळली आणि ओवी बाजूला राहिली. ग्रंथकर्ता म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर, ‘भूलोकमल्ल’ आणि ‘सर्वज्ञभूप’ ही बिरुदे मिरविणारा; त्याचा पिता सहावा विक्रमादित्य पन्नास वर्षे राज्य करून ११२६ मध्ये निवर्तला आणि पुत्राने ११३८ पर्यंत गादी सांभाळली. सांभाळली हा शब्द इतिहासकारांना थोडा उदार वाटेल, कारण बापाने मिळविलेल्या मुलखाचे काही प्रांत याच्या कारकीर्दीत हातचे गेले. पण राज्य वाढविणारे राजे पुष्कळ झाले. मासा कोणत्या आमिषाला भुलतो याचे शास्त्र लिहून ठेवणारा राजा विरळा.

हा ग्रंथ सुमारे ११३० चा. त्यात पाच विंशती, म्हणजे वीस-वीस अध्यायांचे पाच भाग आहेत आणि चौथी विंशती सर्वस्वी राजाच्या विनोदांना, म्हणजे करमणुकींना, वाहिलेली आहे. मत्स्यविनोदात सुमारे पस्तीस जातींच्या माशांची गणना आहे. समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे अशी त्यांची विभागणी आहे. कोणाला काय खाऊ घालावे, पाण्यातील एका ठिकाणाची चटक त्यांना कशी लावावी, आणि मग दोर, काठी व गळ यांच्या साह्याने त्यांना कसे ओढून काढावे, याचे विवरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचे संपादन १९२५ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला; पण मत्स्यविनोदाकडे मत्स्यशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले ते सुंदरलाल होरा यांनी, आणि त्यांचा लेख एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५१ मध्ये आला. त्यानंतरही ही हकीकत पंडितांच्या कपाटातच राहिली. पाण्याकाठी उभे राहणाऱ्यांपर्यंत ती पोचली नाही.

गळाने मासा धरण्याची युक्ती मिसर देशाला ठाऊक होती, चीनला होती, रोमन काळातील ईलियनने मॅसिडोनियातील कृत्रिम माशीचे वर्णन केले आहे. इंग्लंडात या विषयावरील प्रसिद्ध प्रबंध १४९६ मध्ये छापला गेला आणि आयझाक वॉल्टनचा लोकप्रिय ग्रंथ १६५३ चा. म्हणजे इंग्रजांच्या आद्य छापील प्रबंधाहून आपला सोमेश्वर सुमारे साडेतीनशे वर्षांनी वडील ठरतो. तरीपण निव्वळ सालावर माझी भिस्त नाही. महत्त्व आहे ते हा अध्याय ग्रंथात कोठे बसविला आहे याला.

विनोदांचा क्रम असा लागतो: शस्त्र, शास्त्र, हत्ती, घोडे, द्वंद्वयोद्धे, मल्ल, मग कोंबडे, लावे, एडके, रेडे यांच्या झुंजी, पारवे, कुत्री, ससाणा, त्यानंतर मत्स्य, आणि त्याला लागून मृगया. एका अंगाला ससाण्याची शिकार आणि दुसऱ्या अंगाला हरणाची शिकार, अशा मानाच्या जागी मासा बसला आहे. आता माशाचे खाणे त्या राजाला वर्ज्य असते, तर निराळी गोष्ट; पण तिसऱ्या विंशतीत, जेथे अन्नभोगाचे वर्णन आहे, तेथे माशाच्या पाककृती स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत. पाकशाळेतला मासा एका दफ्तरात आणि गळावरचा मासा दुसऱ्या दफ्तरात, ही विभागणी ज्याने केली त्याला निर्वाह आणि क्रीडा यांतील भेद ठाऊक होता, हे उघड आहे. करमणुकीसाठी मासे धरणे म्हणजे नेमके काय, याची ही व्याख्याच नव्हे काय?

यावर पहिला आक्षेप असा, की ग्रंथकर्ता केवळ संकलक असावा. कल्याणी समुद्रापासून शेकडो मैल दूर. तेथल्या राजाने सागरी माशांची नामावळी द्यावी हेच तो दुसऱ्याच्या पोथीवरून उतरवीत असल्याचे लक्षण. आक्षेप दुर्बळ नाही. पण गोव्याचे कदंब आणि कोकणातील शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते, आणि मांडलिकाच्या दरबारातून हत्ती-घोडे येतात तशी माहितीही येते. माझा तर्क याहून एक पाऊल पुढचा आहे: समुद्रातल्या माशांची गणना कोकणाकडून आली असेल, परंतु खाऊ घालून मासा एका जागी जमविण्याची जी रीत वर्णिली आहे ती समुद्राची नव्हेच. ती संथ पाण्याची, तलावाची रीत आहे. आणि तलाव तर या मुलखाचा प्राण. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळी ‘जगत्तुंगसमुद्र’ या नावाचा जलाशय होता. आणि चालुक्यांचा या बाजूला वावर होता याची साक्ष द्यायला देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन देवालये आणि तेथील शिलालेख आजही उभे आहेत. राजाचा मुक्काम अशा तळ्याकाठी पडत असेल, चार दिवस आधी हुजऱ्यांनी पिठाचे गोळे टाकून मासे माणसाळविले असतील आणि मग महाराज गादीवर बसून गळ टाकीत असतील, असे चित्र मी बेलाशक रंगवितो. ज्याला पटत नसेल त्याने दुसरे रंगवावे.

दुसरा आक्षेप साहेबाच्या बाजूचा. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी हिंगोलीला होती. ते गोरे अधिकारी जवळपासच्या नद्यांवर गळ टाकीतच असणार, आणि आजचा हौशी शिकारी हा त्यांचाच वारस, असे म्हणता येईल. शिवाय मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहून महसीर माशाचा डंका वाजविला. रॉड आणि रीळ ही साधने साहेबाची, हे मी निमूटपणे मान्य करतो. पण पाणी, मासा आणि आमिष यांचे ज्ञान त्याला कोणी दिले? कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन करताना त्यांची शास्त्रीय नावे बनविली, त्यांत एकाला ‘खुद्री’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘सींगटी’. लॅटिनच्या झग्याखाली आपल्या काठची शिंगटी आहे हे ओळखायला भाषापंडित नको. ज्या साहेबाला माशाचे नावसुद्धा नदीकाठच्या माणसाला विचारून घ्यावे लागले, त्याने त्या माणसाला मासेमारी शिकविली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि येथेच तिसरा, सर्वांत अडचणीचा प्रतिस्पर्धी उभा राहतो. तो म्हणजे भोई. राजा लिहितो, पण राजाला काय ठाऊक असते? गोळा किती घट्ट मळावा, दोर केव्हा ढिला सोडावा, हे त्याला कोणा भोयानेच शिकविले असणार. हे मला पूर्णपणे मान्य आहे. माझा दावा गळाच्या शोधाचा नाही, गळाच्या विनोदाचा आहे. भोयाची विद्या दरबारात गेली, तिला संस्कृत वस्त्रे चढली, तिचा खेळ झाला.

या स्थित्यंतराची एक खूण मला गळ या शब्दातच दिसते. संस्कृतात या वस्तूचे रुळलेले नाव बडिश. हिंदीत ती बन्सी किंवा काटा. कोकणात ती गरी, आणि गळाने मासे धरणे म्हणजे गरवणे. घाटावर मात्र गळ. आता गळ हा शब्द गळ्यापासून निघाला, माशाच्या गळ्यात रुततो म्हणून तो गळ, ही व्युत्पत्ती कोणालाही चटकन सुचते आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. सुलभ व्युत्पत्ती ही बहुधा मागाहून केलेली समजूत असते. शिवाय गळ रुततो तो ओठात किंवा जबड्यात. गळ्यापर्यंत गेलेला गळ हा कुशल शिकाऱ्याच्या दृष्टीने फसलेला डाव. उलट कन्नडात या वस्तूला गाळ म्हणतात, तुळूत गाळ, तेलुगूत गालमु. देगलूर-बिलोलीच्या बाजाराला ज्याने एकवार तरी भेट दिली आहे त्याला मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच टोपलीतून कशा विकल्या जातात हे सांगावे लागत नाही. कल्याणीच्या दरबाराची बोली कन्नड; तेव्हा गळ हे त्या दरबाराचे आपल्या भाषेला मिळालेले इनाम आहे, असे मी मानतो.

प्रतिपक्षाचा यावर एक खोचक प्रश्न आहे. गुजरातीतही गळाला गल म्हणतात. तेथे कल्याणीचा अंमल कोठे होता? कल्याणीचा नव्हता, पण राष्ट्रकूटांचा होता. लाट देशात, म्हणजे दक्षिण गुजरातेत, राष्ट्रकूटांची एक शाखा नवव्या शतकात राज्य करीत होती, आणि हे राष्ट्रकूट आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, अशी विद्वानांची सामान्य समजूत आहे. कन्नड बोलीचा तो राजवंश लातूरचा अभिमान आणि कन्नडाचा गाळ दोन्ही बरोबर घेऊन नर्मदेकडे गेला असेल, तर गुजरातच्या गलाचेही कूळ सापडते. दीर्घ आकाराचा ऱ्हस्व का झाला, आणि दोन्ही ठिकाणी का झाला, हे व्याकरणकारांनी पाहावे. माझ्यापुरते लातूर सापडले, एवढे पुरे.

आता आजच्या रॉडवाल्यांकडे वळू. त्यांचे अर्धे सामान ज्या खेळासाठी घडविलेले असते तो खेळ अमेरिकेचा, आणि त्याचा नायक बास नावाचा मासा. जेम्स हेन्शल याने १८८१ मध्ये बासचे पुराण लिहिले, रे स्कॉटने १९६७ मध्ये आर्कान्सासमधील बीव्हर तलावावर त्याची मोठी स्पर्धा भरविली आणि पुढच्या वर्षी शौकिनांची संघटना उभी केली. जॉर्जिया प्रांतात १९३२ मध्ये धरलेला २२ पौंड ४ औंसांचा बास अजून विक्रमाच्या माथ्यावर आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. गोदावरीत हा मासा नाही. मग त्याची हत्यारे येथे कोणावर चालतात?

मरळीवर. पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल दबा धरून बसणे, पृष्ठभागावर काही वळवळताच उसळी घेणे, आणि पिलांवर खडा पहारा ठेवणे, या तिन्ही गोष्टींत मरळ आणि बास ही परस्परांना न ओळखणारी भावंडे आहेत. मरळीचा अधिकचा गुण असा, की ती हवेतून श्वास घेऊ शकते. पाणी आटले तरी ओल्या चिखलात तग धरते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या मुलखाला याहून शोभणारा मासा नाही. अमेरिकन कारागिरांनी वेलींच्या जंजाळात अडकू नये असा रबरी पोकळ बेडूक बासासाठी घडविला. तो आज येथल्या तलावांवर मरळीपुढे नाचविला जातो, आणि तरुण शिकारी त्याला नवी विद्या समजतात. परंतु गळाला जिवंत बेडूक लावून मरळ काढणे ही आमच्या खेड्यांतील जुनी रीत आहे. बेडूक रबराचा झाला, एवढाच फरक.

या हौशी मंडळींचा एक अलिखित कायदा मात्र मला मनापासून आवडतो: पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला, तर त्याखालच्या मरळीवर गळ टाकायचा नाही. तलावांचा मक्ता बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिची परवानगी घेऊन बसणारे आणि न घेता बसणारे, असे या मंडळींत दोन पंथ आहेतच. त्याहून कडाक्याचा वाद आहे तो मासा सोडावा की न्यावा याचा. सोडणारे १९७२ सालापासून स्कॉटने आपल्या स्पर्धांत लावून धरलेल्या मासा जिवंत सोडण्याच्या नियमाचा दाखला देतात. नेणारे म्हणतात, की दिवसभर उन्हात बसून घरी रिकाम्या हाताने गेल्यास संसार टिकत नाही. परवा त्यांतल्या एका ‘सोडणाऱ्या’ने माझे हे सोमेश्वरपुराण ऐकून राजाला आपल्या पक्षाचा साक्षीदार म्हणून बोलाविण्याची इच्छा दर्शविली. मला ती मोडावी लागली. विनोदासाठी मासा धरणारा हाच राजा तिसऱ्या विंशतीत माशाचे तुकडे कसे करावेत आणि ते चिंचेच्या कोळात कसे शिजवावेत, हे तितक्याच निष्ठेने सांगतो.