तंजावर, १७७३ : एका शकावलीवरील भाष्य

एकोजीराजांनी स्थापलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचा घास कसा घेतला गेला, याची शकावली मी पाच ओळींत मांडली आहे. प्रत्येक ओळीखाली भाष्य.

१७६२. अर्काटचा नवाब महंमद अली व प्रतापसिंहराजे यांचा तह. हमी मद्रासच्या कंपनीची.

थकबाकीचे २२ लाख आणि दरसाल ४ लाख पेशकश राजाने द्यायची ठरली. तह जुळवला गव्हर्नर पिगटने. नवाबाच्या शब्दाला तंजावरात किंमत नव्हती. आधार होता तो कंपनीच्या हमीचा.

१७७१. कंपनीच्या फौजेचा तंजावरला वेढा.

पेशकश थकली, प्रतापसिंहांमागून गादीवर आलेल्या तुळजाजीराजांनी रामनाडवर स्वारी केली, ही निमित्ते. नवाबाच्या मुलाने तह केला आणि वल्लमचा किल्ला गेला.

१७ सप्टेंबर १७७३. जनरल स्मिथने तंजावर घेतले.

खरे कारण कावेरीकाठच्या भातशेतीचा वसूल. नवाब मद्रासला चेपॉकच्या वाड्यात राही आणि कंपनीच्याच नोकरांकडून भरमसाट व्याजाने कर्ज काढी. फोर्ट सेंट जॉर्जमध्ये स्वारीचा निर्णय झाला तो अशा सावकारांच्या गोतावळ्यात. तुळजाजींनी मराठ्यांकडे आणि हैदर अलीकडे मदत मागितली, हा त्यांचा गुन्हा ठरवला गेला. हमीदारच तोफा घेऊन चालून आल्यावर राजाने दुसरे काय करायचे होते? आणि मदत येणार तरी कुठून? ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता.

खंदकावरून वाट तयार झाली. पहाटे हल्ला होणार म्हणून शिबंदी तटावर सज्ज होती. दुपारी ऊन चढले, माणसे जरा विसाव्याला गेली आणि नेमके तेव्हाच इंग्रज आत घुसले. फारशी झुंज झालीच नाही. राजा कुटुंबासह कैद झाला. तंजावरच्या पराभवाचा दोष या शिपायांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. राज्य त्याआधीच कर्जाच्या वह्यांत विकले गेले होते.

११ एप्रिल १७७६. तुळजाजी पुन्हा गादीवर.

लंडनच्या संचालकांनी स्वारी नापसंत केली आणि पुन्हा गव्हर्नर होऊन आलेल्या पिगटने राज्य परत दिले. मात्र किल्ल्यात कंपनीची पलटण राहिली आणि तिचा खर्च राजाच्या गळ्यात पडला. तेवढ्यात पॉल बेनफील्ड हा कंपनीचा नोकर पुढे आला. तंजावरचा वसूल नवाबाने आपल्याकडे गहाण ठेवला आहे, असा त्याचा दावा. नवाबाने गहाण टाकला तो दुसऱ्याच्या घामाचा माल.

२४ ऑगस्ट १७७६. पिगट कैदेत.

या दाव्याच्या वादात कौन्सिलातल्या विरोधकांनी आपल्याच गव्हर्नरला मद्रासेत पकडले. ११ मे १७७७ रोजी तो कैदेतच वारला. १७८५ मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटात बेनफील्ड आणि इतर सावकारांवर नाव घेऊन आसूड ओढला. पण सरकारने त्यांचे दावे नीट चौकशी न करताच मान्य केले होते, आणि बर्कचा ठराव फेटाळला गेला.