दुल्से आणि सालादो नद्यांची खोरी

स्पेनच्या कास्तिया-ला मांचा या स्वायत्त प्रदेशात, ग्वादालाहारा प्रांताच्या उत्तर भागातील शेजारशेजारची दोन नदीखोरी. माद्रिदच्या ईशान्येस सुमारे १३० किमी.वर असलेले सिग्वेंसा हे लहान शहर दोहोंचे मुख्य ठाणे होय. दुल्से म्हणजे गोड, सालादो म्हणजे खारट. पिण्याजोग्या पाण्याला मराठीत ‘गोडे पाणी’ म्हणतात. स्पॅनिशमध्येही त्यासाठी हाच शब्द आहे. दोन्ही नद्या एनारेसला मिळतात, एनारेस हारामाला आणि हारामा ताहोला (टेगस). प्रांताचे नाव अरबीतून आले असून त्याचा अर्थ ‘दगडांची नदी’ असा होतो. दुल्सेच्या काठाने तासभर चालले की तो पटतो.

पायी भटकणाऱ्यांना या भागात दुल्सेची घळच सांगितली जाते, सालादोकडे फारसे कोणी वळत नाही. ही खोरी मात्र एकत्रच पाहायला हवीत. सिग्वेंसाच्या बिशपांनी बाराव्या शतकापासून सहाशेहून अधिक वर्षे येथे सरदारकी गाजवली. गोड्या नदीवर त्यांचे उन्हाळी निवासस्थान होते आणि खाऱ्या नदीच्या मिठातून त्यांची तिजोरी भरत होती. टेकड्यांवरचे किल्ले या व्यवस्थेचे पहारेकरी होते.

दुल्सेने चुनखडीचे पठार कापून खोल, नागमोडी घळ कोरली आहे. ८,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्राचे हे निसर्ग उद्यान २००३ मध्ये घोषित झाले. वर पठारावर गव्हाची शेते आणि ओकची खुरटी झाडी, तर खाली पाण्यालगत पॉप्लर व विलो. ऑक्टोबरच्या अखेरीस पॉप्लर पिवळे होतात, तेव्हा वरून पाहताना नदी दिसत नाही. तिची वळणे या पिवळ्या रेघेवरूनच कळतात.

वाट सिग्वेंसाहून दक्षिणेला पेलेग्रीना गावी जाते, तेथून नदीपात्रात उतरते आणि ला काब्रेरामार्गे आरागोसापर्यंत पोहोचते. पुढे मांदायोना ओलांडून दुल्से एनारेसला मिळते. तांबडे-पांढरे पट्टे दूर पल्ल्याच्या वाटेची खूण असतात, पिवळे-पांढरे लहान वाटेची. एल सिदच्या नावाने आखलेला जीआर-१६० हा दीर्घ मार्ग याच भागातून जातो. एल सिद म्हणजे रोद्रीगो दियास दे विवार, १०८१ मध्ये कास्तियाच्या राजाने हद्दपार केलेला योद्धा. त्याच्यावरील मध्ययुगीन महाकाव्यात आत्येंसाच्या खडकाचा उल्लेख येतो. एनारेसकाठच्या हाद्राकेचा किल्लाही लोक सिदचाच म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात आज दिसणारी ती वास्तू पंधराव्या शतकातली, कार्डिनल पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसाच्या काळातली आहे.

पेलेग्रीना हे या खोऱ्याचे सर्वांत देखणे ठिकाण. टेकडीच्या माथ्यावर किल्ला, त्याखाली उतारावर मूठभर घरे व रोमनेस्क शैलीचे चर्च, आणि तळाशी नदी. किल्ला बाराव्या शतकातला, बिशपांनी बांधलेला. स्पॅनिश वारसायुद्धात, १७१० मध्ये, आर्चड्यूक चार्ल्सच्या फौजांनी त्याची नासधूस केली. १८११ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो जाळला. आज काही भिंती आणि बुरुजांचे अवशेष तेवढे उरले आहेत. त्यांची पुनर्बांधणी झालेली नाही, आणि ते योग्यच आहे असे म्हणावेसे वाटते. जळून गेलेला किल्ला जळून गेलेलाच दिसला पाहिजे. गावाखालून निघालेली वाट नदीच्या काठाने वळसा घेत पुन्हा गावात येते. सुमारे चार किमी.ची ही फेरी कोणालाही जमेल अशी आहे. भरपूर पाऊस झाला असेल, तर बाजूच्या कड्यावरून गोयोरिओ हा धबधबा कोसळताना दिसतो. एरवी तेथे ओला डाग तेवढा असतो.

घळीच्या माथ्यावरील सज्जाला फेलिक्स रोद्रीगेस दे ला फ्वेंते यांचे नाव दिले आहे. ‘एल ओंब्रे इ ला त्येर्रा’ (माणूस आणि पृथ्वी) या त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेतील कित्येक दृश्ये याच कड्यांवर चित्रित झाली. १९७४ पासून ही मालिका स्पेनमध्ये घरोघरी पाहिली गेली आणि लांडगा, गरुड, गिधाड या हिणवल्या गेलेल्या प्राण्यांबद्दल एका पिढीचे मत तिने बदलले. १४ मार्च १९८० रोजी, आपल्या ५२व्या वाढदिवशी, अलास्कात चित्रीकरण करताना विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

त्या कड्यांवर आजही ग्रिफन गिधाडे घरटी करतात. ऊन चढले की ती एकेक करून कपारीतून बाहेर पडतात आणि पंख न हलवता वर चढत जातात. उन्हाळ्यात आफ्रिकेतून पांढरे गिधाड येते. ही जात महाराष्ट्रातही आढळते. युरोपातील ग्रिफन गिधाडांपैकी बहुतांश स्पेनमध्ये आहेत, आणि येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे भारतातील गिधाडे दोन दशकांत जवळजवळ नाहीशी झाली, आणि २००६ मध्ये भारताने त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. हे सारे जगजाहीर असताना २०१३ मध्ये स्पेनने त्याच औषधाला गुरांसाठी परवानगी दिली. पुढे कातालोनियात या औषधाने एक काळे गिधाड दगावल्याचे सिद्ध झाले. आपल्या अनुभवाची किंमत दुसऱ्याने पुन्हा मोजावी, याहून खेदाची गोष्ट नाही.

सिग्वेंसा हे मूळचे केल्टिबेरियन लोकांचे ठाणे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मी. उंचीवर. तोलेदो १०८५ मध्ये ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, तरी हा सीमाप्रदेश आणखी काही दशके झगडत राहिला. आकितेनहून आलेला बिशप बेर्नार्दो दे आजेन याने ११२४ मध्ये शहर घेतले; त्याचे वारसदार शहराचे धर्मगुरू आणि धनी असे दोन्ही झाले. शहराच्या वरच्या टोकाला किल्ला आणि खालच्या अंगाला कॅथीड्रल. कॅथीड्रल बाहेरून चर्चपेक्षा गढीसारखेच वाटते. राजा पेद्रो पहिला याने आपली फ्रेंच पत्नी ब्लांका हिला याच किल्ल्यात डांबले होते. १९३६ च्या यादवी युद्धात किल्ला व कॅथीड्रल दोन्हींवर तोफगोळे पडले. दुरुस्तीनंतर १९७० च्या दशकापासून किल्ल्यात सरकारी निवासगृह चालते. कॅथीड्रलमध्ये मार्तीन वास्केस दे आर्से या तरुणाची समाधी आहे. १४८६ मध्ये ग्रानादाच्या युद्धात तो पडला, वय २५. अलाबास्टर दगडातील त्याची मूर्ती कोपरावर रेलून पुस्तक वाचते आहे. चिलखत अंगावर असलेला योद्धा मरणानंतर वाचत बसलेला आहे, ही कल्पना ज्या शिल्पकाराला सुचली त्याचे मन किती मोठे असेल!

सालादोकडे जाणाऱ्या वाटेवर पालास्वेलोस लागते. पंधराव्या शतकातील तटबंदीने वेढलेले हे खेडे आहे, वेशीतूनच आत शिरावे लागते. त्याच्या पुढे माती तांबडी होते आणि भूगर्भाची कथा बदलते. वीस कोटी वर्षांहून पूर्वी येथे उथळ समुद्र आटला आणि चिकणमाती व जिप्समच्या थरांत मीठ अडकून राहिले. भूजल ते विरघळवून वर आणते. इमोन गावाजवळ या पाण्याची मिठागरे आहेत. विहिरींवर लाकडी रहाट होते. जनावरे ते फिरवीत, खारे पाणी दगडी फरसबंदीच्या वाफ्यांत सोडले जाई आणि उन्हाळाभर मीठ ओढले जाई. पद्धत आपल्या कोकणातल्या मिठागरांचीच. फरक एवढाच की येथून समुद्र शेकडो किमी. दूर आहे. बाराव्या शतकात राजांनी या मिठाच्या उत्पन्नातला वाटा सिग्वेंसाच्या बिशपांना दिला. १३३८ मध्ये मीठ ही राजाची मक्तेदारी ठरली. अठराव्या शतकात तिसऱ्या कार्लोसच्या काळात येथे नव्या कोठ्या बांधल्या गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काम थांबले. वाफ्यांच्या कडांवर आजही मिठाची पांढरी साय धरते.

सालादोच्या वरच्या अंगाला रिबा दे सान्त्युस्तेचा किल्ला डोंगराच्या निरुंद धारेवर लांबवर पसरलेला आहे. खाली गावात उभे राहिले की एखादे जहाज खडकावर चढून बसल्यासारखा दिसतो. पश्चिमेस आत्येंसाचा किल्ला एकाच प्रचंड शिळेवर उभा आहे. ११६२ मध्ये येथील खेचरवाल्यांनी बालराजा आठवा आल्फोन्सो याला शत्रूच्या वेढ्यातून निसटवले, त्याची आठवण म्हणून दर पेंटेकॉस्टच्या रविवारी गावात ‘ला काबायादा’ हा घोडेस्वारांचा उत्सव होतो. खालच्या अंगाला एल आतान्से हे खेडे मात्र उरलेले नाही. १९९० च्या दशकात सालादोवर झालेल्या धरणापायी ते गेले आणि त्याचे चर्च दगड न दगड उचलून ग्वादालाहारा शहरात पुन्हा उभारले गेले.

हा सारा टापू युरोपातील सर्वांत विरळ वस्तीच्या भागांपैकी आहे. खेड्यांत हिवाळ्यात काही चुली पेटतात, ऑगस्टमध्ये शहरात गेलेली मुलेबाळे परततात. १९४९ च्या हुकुमाने स्पेनमधील सर्व किल्ल्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. पण गावात माणूस नसेल तर तटाचा दगड निखळल्याचे कळवणार कोण? सिग्वेंसा आणि आत्येंसाच्या ‘गोड आणि खाऱ्या भूप्रदेशा’ला जागतिक वारशाचा दर्जा मिळावा यासाठी स्पेनने त्याचे नाव संभाव्य यादीत नोंदवले आहे.

भटकंतीसाठी मे-जून आणि ऑक्टोबर हे उत्तम. माद्रिदहून सिग्वेंसापर्यंत रेल्वे आहे, पुढे पायीच जावे. वाटेवरच्या खेड्यांत दुकान मिळेलच असे नाही, म्हणून पाणी व शिधा सोबत हवा. जुलै-ऑगस्टमध्ये गवत काडीसारखे वाळते. जुलै २००५ मध्ये याच प्रांतात, रिबा दे साएलिसेसजवळ, सहलीला आलेल्यांच्या चुलीतून वणवा भडकला. हजारो हेक्टर जंगल जळाले आणि तो विझवायला गेलेल्यांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. या खोऱ्यांत जाणाऱ्याने जाळ करू नये.