गंडा आणि पदवी

गाण्याच्या दुनियेत ‘गंडा’ हा मोठ्या मानाचा शब्द आहे. व्यवहारात कुणी गंडा घातला म्हणजे फसवले. पण उस्तादाने शागिर्दाच्या मनगटावर गंडा बांधला म्हणजे त्याला आपले म्हटले. एक दोरा, मूठभर गूळ-चणे, उस्तादापुढे ठेवलेली ऐपतीप्रमाणे दक्षिणा आणि जमलेल्या गुणीजनांची साक्ष. एवढ्यावर दहा-पंधरा वर्षांचा करार होत असे. कागद नाही, सही नाही. तालीम सुरू.

हा ‘तालीम’ शब्दही पाहा. मिरज-कोल्हापूरकडे तालीम म्हटले की आधी लाल माती आणि लंगोट आठवतो, मग तंबोरा. दोन्हीकडे अर्थ एकच. रोज यायचे, घाम गाळायचा आणि वस्ताद सांगेल ते निमूट करायचे.

आज त्याच वयाच्या मुलामुलींच्या हातात विद्यापीठाची गुणपत्रिका असते. बी. ए. संगीत, एम. ए. संगीत, ‘विशारद’, ‘अलंकार’. दोऱ्याची जागा कागदाने घेतली, त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. या बदलात काय मिळाले आणि काय निसटले, याचा आज थोडा हिशेब मांडू या. ज्या घरात एखादी मुलगी ‘मला गाण्यातच पुढे जायचंय’ म्हणते आणि वडील गप्प होतात, त्या घरासाठी हा हिशेब निव्वळ इतिहासाचा नाही.

आपल्याकडे ही गोष्ट साधारण अशी सांगितली जाते : पूर्वी उस्ताद लोक विद्या दडवून ठेवीत. मग दोन विष्णू आले, विष्णू दिगंबर पलुस्कर आणि विष्णू नारायण भातखंडे. त्यांनी दारे उघडली आणि गाणे घराघरांत पोचले. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी शोधायला बडोद्याला जावे लागते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली तिथे एक गायनशाळा सुरू झाली. ती चालवणारे गृहस्थ होते मौलाबक्ष. जन्म १८३३चा. उत्तर हिंदुस्थानी गायकीत मुरलेला हा माणूस दक्षिणेत म्हैसूरकडे गेला आणि तिथले कर्नाटक संगीतही त्याने अभ्यासले. गाणे कागदावर उतरवायची स्वतःची पद्धत त्यांनी तयार केली आणि शाळेसाठी क्रमिक पुस्तके काढली. वर्ग, पुस्तक, स्वरलेखन, ठरलेली वेळ असे ज्याला आपण आधुनिक संगीतशिक्षण म्हणतो, त्याचा सांगाडा एका उस्तादाने उभा केला होता. त्यांचा नातू इनायत खाँ पुढे १९१०मध्ये पश्चिमेकडे गेला आणि सूफी गुरू म्हणून जगभर ओळखला गेला. आजोबांची शाळा मात्र बडोद्यातच राहिली आणि १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत शाखेत तिची परंपरा विसावली. विद्यापीठातल्या संगीताचा इतिहास सांगताना मौलाबक्षांचे नाव पहिल्या पानावर यायला हवे. ते बहुधा तळटीपेत सापडते.

मग उस्ताद विद्या दडवीत, हे खोटे का? नाही. पण का दडवीत, हेही विचारायला हवे. चीज ही त्यांची जमीन होती. त्यांच्याकडे शेत नव्हते, वतन नव्हते. एखाद्या रागातली दुर्मीळ बंदिश हीच इस्टेट. घराण्यांतून बंदिशी लेकीच्या लग्नात आंदण दिल्याच्या गोष्टी सांगतात, त्या उगीच नव्हेत. आज आपण कवी लोक स्वामित्वहक्काची भाषा करतो. त्यांच्याकडे तो कायदा नव्हता, कुलूप तेवढे होते. आणि तेही सर्वांनाच बंद नव्हते. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. १९११ साली त्यांनी पुण्यात जी संस्था काढली ती पुढे भारत गायन समाज म्हणून नावारूपाला आली. तिन्ही उस्तादांनी बुवांच्या झोळीत टाकले नसते, तर पुण्याला काय मिळाले असते?

पलुस्करांची कथाही याच धाग्यातली. ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली आणि बाळकृष्णबुवांकडून मिरजेत विष्णू दिगंबरांकडे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या दारूने अधू झाली. शाळा सुटली, गाणे हाती आले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले.

पलुस्करांची खरी लढाई प्रतिष्ठेची होती. गवई म्हणजे दरबाराच्या एका कोपऱ्यात बसलेला नोकर, ही समजूत त्यांना मोडायची होती. म्हणून त्यांची संस्था राजाच्या तनख्यावर न चालता फी, देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर चालली. छापखाना काढला, वाद्ये बनवायचा कारखाना काढला. निवडक विद्यार्थ्यांना राहणे-जेवणे देऊन नऊ वर्षांच्या बोलीवर उपदेशक म्हणून तयार केले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे त्यांच्याच शिष्यवर्गातली. १९०८मध्ये संस्था मुंबईत आली, मोठी इमारत उभी राहिली आणि पुढे कर्जापायी ती लिलावात गेली. १९३१मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज गल्लीतल्या गायन क्लासमधली मुलगी ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद’ अशा पायऱ्या चढते, त्या या मंडळाच्या.

आपण तानसेन घडवू शकलो नसलो तरी कानसेन घडवले, अशा अर्थाचे त्यांचे एक वाक्य सांगितले जाते. ते कुणी नम्रतेचे समजतात. मला ते अचूक मोजमाप वाटते. शाळेने श्रोते घडवले, शिक्षक घडवले. मध्यमवर्गीय घरातली मुलगी कुणाच्याही बोटाला न घाबरता तंबोरा घेऊन बसू लागली, ही तर क्रांतीच. पण कलावंत? तो त्याच शाळेत, नऊ वर्षे गुरूच्या छपराखाली राहिलेल्यांतून निघाला.

इकडे पुण्यात १९१०च्या सुमारास अब्दुल करीम खाँ यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. किराण्याचा उस्ताद, संस्थेचे नाव ‘आर्य’ आणि शिष्यांत मराठी-कानडी मुले. त्या काळाचे हे चित्र जपून ठेवण्याजोगे आहे. खाँसाहेबांचे बिऱ्हाड मिरजेला होते. तिथल्या ख्वाजा शमना मिरा दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या आठवणीत गाणे होते.

आता दुसरे विष्णू. भातखंडे मुंबईचे, १८६०चा जन्म, बी. ए., एल्एल. बी., वकील. पत्नी आणि मुलगी गेल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि सारा देश पालथा घातला. ग्रंथ पाहिले, उस्तादांना भेटले, बंदिशी उतरवून घेतल्या. कुणी दिल्या, कुणी टाळले, कुणी भरभरून ओतले. रामपूर दरबारातून, जयपूरच्या खाँसाहेबांकडून मिळालेले धन त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत लावले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरु-शिष्याच्या संवादाच्या रूपात लिहिला. रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९१८मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६मध्ये लखनौला विद्यालय उभे करायला हात लावला. लखनौचे ते मॅरिस कॉलेज आज भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

उस्तादांना शास्त्र कळत नाही, अशी भातखंड्यांची तक्रार होती आणि त्यांच्या लेखनात ती तिखटपणे येते. तक्रारीत तथ्य होते. अनेकांना अक्षरओळखही नव्हती. पण ज्यांना शास्त्र ‘कळत नव्हते’ त्यांच्याच गळ्यांतून शास्त्राला लागणारा सारा कच्चा माल आला, हेही तेवढेच खरे. पुस्तकाच्या पानावर स्वर दिसतात, ताल दिसतो. ती चीज ज्या घरातून आली त्या घराची चूल दिसत नाही.

भातखंडे स्वतः हे ओळखून होते, असे मानायला जागा आहे. आपला लाडका शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर याला त्यांनी केवळ पुस्तकांवर सोडले नाही. त्याला बडोद्याला फैयाज खाँ यांचा गंडा बांधून तालीम घ्यायला लावली. रातंजनकर पदवीधरही होते. गंडा आणि पदवी एकाच मनगटावर असलेला हा माणूस १९२८मध्ये लखनौच्या कॉलेजचा प्राचार्य झाला आणि तिथे काय घडले पाहा. वर्गात शिकणारे पुष्कळ होते, पण के. जी. गिंडे लहान वयात त्यांच्या घरीच राहायला गेले. खरी तालीम कॉलेज सुटल्यावर घरी होई. त्याच कॉलेजात तलत महमूद शिकले, संगीतकार रोशन शिकले. बालगंधर्वांच्या नाटकांत तबल्यावर जादू करणारे अहमदजान थिरकवा तिथे प्राध्यापक झाले. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात बेगम अख्तर तिथे शिकवायला आल्या. ज्या परंपरेकडे सभ्य समाज पाठ करून उभा होता, तिला अखेर प्राध्यापकाची खुर्ची मिळाली.

मधल्या काळात आश्रय देणारेच गेले. १९२२मध्ये शाहू महाराज वारले आणि अल्लादिया खाँ कोल्हापूर सोडून मुंबईला आले. १९४८-४९च्या सुमारास संस्थाने विलीन झाली आणि दरबार संपले. त्यांची जागा घेतली आकाशवाणीने. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवायची पद्धत आली. चाचणी मंडळावर रातंजनकर होते. आयुष्यभर गायलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितल्याने मोठा गदारोळ झाला. माइकसमोर बसून तुमच्याशी बोलताना मला त्या बुजुर्गांची घुसमट समजते. पण आड बाजूच्या, कुणाच्या ओळखीच्या नसलेल्या गायकालाही त्याच चाचणीतून बी-हाय, ए अशा पायऱ्या चढता आल्या, हेही सांगायला हवे.

मी स्वतः मराठी घेऊन बी. ए. झालो. त्या पदवीने मला कवी केले नाही. पण वृत्तांची नावे सांगितली, ग्रंथालयाची चावी दिली आणि कवितेवर भांडायला चार मित्र दिले. संगीताची पदवीही एवढे नक्की देते. रागांचा इतिहास, स्वरलेखन, ध्वनिमुद्रणांचा साठा, तबल्याच्या साथीची सवय आणि बरोबरीचे लोक. ती एक गोष्ट देऊ शकत नाही. रोज सकाळी तुमचा षड्ज ऐकून ‘अजून नाही’ म्हणणारा माणूस. तासिका पाऊण तासाची असते, तेवढ्यात तंबोरे जुळतात, यमन कुठे जुळतो!

भीमसेन जोशी १९३३ साली अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडून पळाले. ग्वाल्हेरच्या संगीत विद्यालयापर्यंत पोचले, हिंडले, आणि अखेर गुरू सापडले ते घराजवळच्याच कुंदगोळला, अब्दुल करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व. उलट प्रभा अत्रे यांच्याकडे विज्ञान आणि कायद्याची पदवी होती, संगीतात डॉक्टरेट होती आणि सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर यांची तालीमही होती. त्या आकाशवाणीत नोकरीला होत्या आणि पुढे एसएनडीटी विद्यापीठात संगीताच्या विभागप्रमुख झाल्या. दोन्ही वाटा मोठ्या आहेत. दोन्हींत गुरू आहे. पदवी एकीत आहे.

गंमत म्हणजे सरकारी कागदालाही हे उमगले आहे. संगीताचा प्राध्यापक व्हायला साधारणपणे एम. ए. आणि नेट किंवा सेट लागते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दुसरीही वाट आहे. पदवीधर असावा, नामवंत परंपरागत गुरूकडे शिकलेला असावा, आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलावंत असावा आणि विषय समजावून सांगता यावा. पुण्याच्या विद्यापीठातल्या ललित कला केंद्रानेही आपल्या रचनेत गुरुकुल पद्धतीला जागा दिली. ज्या दोऱ्याला कागदाने बाजूला सारले, त्याच दोऱ्याची नोंद आता कागद मागतो आहे.

म्हणून गप्प झालेल्या वडिलांना माझे एवढेच सांगणे. मुलीला विद्यापीठात जरूर घाला. पण प्रवेश-अर्ज भरण्याआधी तिचा गुरू कोण, हे विचारा. मैफलीतच सगळे सामावत नाहीत. शिक्षक, साथीदार, संगीत-संयोजक, ध्वनिमुद्रक, संशोधक ही सन्मानाची कामे आहेत. आणि तंबोरा घ्यायला मिरजेला जा. तिथल्या शिकलगार घराण्यांनी दीड शतकाहून अधिक काळ भोपळ्यातून सूर काढले आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्य देताना तो कारागीर तारा छेडून जवारी पारखेल. त्या कानाला कुठल्या विद्यापीठाची पदवी नाही. पण तुमच्या मुलीच्या पदवीचा पहिला स्वर त्यानेच लावून दिलेला असेल.