तान्हें आणि अर्भक

सटाण्यास एका स्नेह्यांच्या घरीं बाळ पाहण्यास जाण्याचा योग आला. बाळाच्या उशाशीं दवाखान्यांतून मिळालेला एक कागद होता व त्यावर ‘नवजात अर्भक’ असे शब्द होते. ते आम्हीं मोठ्यानें वाचतांच बाळाची पणजी म्हणाली, ‘अर्भक काय म्हणतां? तें आमचं तान्हं आहे!’ घरांतील तरुण मंडळी हंसली. आम्हांस मात्र म्हातारीचें बोलणें विचार करण्यासारखें वाटलें. कोशांत जे दोन शब्द शेजारीं बसतील, त्यांतला एक घरांत शोभावा आणि दुसरा उंबरठ्याबाहेर ठेवावासा वाटावा, हें कां?

‘अर्भक’ हा शब्द मुळांत अभद्र नाहीं. ऋग्वेदांत ‘अर्भ’ व ‘अर्भक’ म्हणजे केवळ लहान. थोरांबरोबर लहानांसही तेथें नमस्कार केलेला आहे. तुकारामांनीं मुलासाठीं हातांत पाटी धरणाऱ्या पंतोजीचा दृष्टान्त दिला, तेथेंही हाच शब्द आहे. म्हणजे सतराव्या शतकांत पाटीवर अक्षरें गिरविणारें मूलही अर्भकच होतें, आणि त्या शब्दांत माया होती.

‘तान्हें’ हा शब्द निराळ्या कुळांतला. तो वय सांगत नाहीं, नातें सांगतो. आईच्या अंगावर पितें आहे तोंवर मूल तान्हें. जुन्या मराठींत ‘तान्ह’ म्हणजे तहान, आणि संस्कृतांत ‘तर्णक’ म्हणजे वासरूं. ‘तान्हें’ म्हटलें कीं हीं दोन्ही चित्रें मनापुढें येतात. नागपुराकडे मोठ्या बैलांच्या पोळ्यानंतर मुलें लांकडी बैल घेऊन निघतात, त्या सणास ‘तान्हा पोळा’ म्हणतात, तोही याच मायेनें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. तान्हें, बाळ, मूल, लेकरूं, अर्भक हे सारे शब्द मराठींत नपुंसकलिंगी आहेत. बागलाणांतील अहिराणींत मुलास ‘आंडोर’ व मुलीस ‘आंडेर’ असे दोन स्पष्ट शब्द आहेत. परंतु मराठींतलें तान्हें हें ‘तें’च असतें. बाराव्या दिवशीं बारसें होईपर्यंत त्यास नांवही नसतें. असें कां, याचें एक उत्तर भीतींत सांपडतें. पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं प्राक्तन लिहिते, ही समजूत सर्वांस ठाऊक आहे. (सटवाई ही षष्ठीदेवी, केवळ उच्चारसाम्यावरून तिचें नांव सटाण्याशीं जोडण्याचा मोह वाचकांनीं आवरावा.) अस्वच्छ हत्यारानें नाळ कापल्यामुळें होणारा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीसच दिसूं लागतो. आयाबायांस जंतु ठाऊक नव्हते, पण दिवस ठाऊक होते. अगोदरचीं मुलें दगावलीं असतील तर पुढच्यास धोंडू, दगडू, केरू, भिकू अशीं नांवें ठेवीत, तींही याच धास्तीनें. भारतांत नवजातांच्या या धनुर्वाताचें सार्वजनिक संकट म्हणून उच्चाटन झाल्याचें 2015 सालीं जाहीर झालें. सटवाईची पूजा अजून चालूच आहे.

अर्भकाचा इतिहास मात्र दुसऱ्या वाटेनें गेला. कोणतीही आई आपल्या बाळास अर्भक म्हणून हांक मारीत नाहीं. वैद्यकांत व सरकारी कागदांत हा शब्द मोजमापाचा झाला: वर्ष पुरें होण्याआधीं गेलेल्या मुलाची गणना ‘अर्भकमृत्यू’ म्हणून होते, आणि पहिल्या 28 दिवसांत गेलेल्याची ‘नवजात-मृत्यू’ म्हणून. वर्तमानपत्रांत तर अर्भक जन्मास येत नाहीं. तें ‘सांपडतें’, देवळाच्या पायरीशीं किंवा कचऱ्याच्या ढिगांत. ज्याचें कोणी नाहीं, तें अर्भक. पणजीबाईंच्या कानांस जो शब्द खटकला, तो हा.

अशा अर्भकांची आठवण ठेवणारें एक घर पुण्यास 1863 सालीं उघडलें. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालींच झाला होता. परंतु उच्चवर्णीय घरांत त्याचा उपयोग नव्हता. फसलेल्या विधवेपुढें आत्महत्या अथवा बालहत्या असे दोनच मार्ग उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं आपल्याच घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढून तिसरा मार्ग दाखविला. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलास या निपुत्रिक दांपत्यानें 1874 सालीं दत्तक घेतलें व त्याचें नांव यशवंत ठेविलें. तो पुढें डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगांत त्याच्या दवाखान्यांत सावित्रीबाईंनीं रुग्णांची सेवा केली व त्याच रोगानें 10 मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. ज्यास गांवानें अर्भक म्हटलें असतें, त्यास एका घरानें तान्हें म्हटलें. फरक एवढाच, आणि त्यावर एक आयुष्य अवलंबून होतें.

यशवंत हें नांव सटाणेकरांस परकें नाहीं. 1870-71 च्या दुष्काळांत सरकारी खजिन्यांतील पैसा भुकेल्यांस वाटणारे देव मामलेदार यशवंत महादेव भोसेकर येथेंच होते, व त्यांच्या नांवानें येथें यात्रा भरते. एकाच्या ठायीं कागदावरील आंकड्याचें माणूस झालें, दुसऱ्याच्या ठायीं अर्भकाचें.

म्हणून सरकारी शब्द टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. गांवोगांवच्या जुन्या कोतवाल-बुकांत ‘अमक्यास मुलगा’, ‘तमक्यास मुलगी’ एवढीच नोंद पुष्कळदा असते. नांवाची जागा रिकामी. 1969 च्या कायद्यानेंही नांवावांचून जन्माची नोंद होऊं शकते व नांव मागाहून घालतां येतें. ही सोय शहाणपणाची आहे, कारण बारशापूर्वीं गेलेलें मूलही जन्मलें होतें, हें कोठें तरी लिहिलें गेलें पाहिजे. न मोजलेलें मूल वांचविण्याची चिंता कोण करणार? मोजण्यासाठीं अर्भक हवें, वांचविण्यासाठीं तान्हें हवें.

निघतांना आम्हीं पणजीबाईंस विचारलें, नांव काय ठेवणार? त्या म्हणाल्या, ‘अजून बारा दिवस कुठें झालेत?’ आणि पदरानें तान्ह्याचें तोंड झांकून घेतलें.