तुळईवरचा लेख आणि इंग्रजीचा धडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मुंबईत मुलाखत देऊन परतला, तो घरी न जाता थेट माझ्याकडे आला. “फादर, उत्तरं सगळी येत होती, पण इंग्रजीत तोंडच उघडलं नाही,” एवढेच तो बोलला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी मुलांचे हेच दुःख आहे. सेमिनरीतील पहिल्या वर्षी मीही असाच मुका होतो. त्यामुळे त्याला उपदेश करण्याचे धाडस मला झाले नाही. पुढच्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, मी त्याला वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराकडे घेऊन गेलो. त्या मंदिराच्या इतिहासात त्याच्या दुःखावरचा उतारा दडलेला आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

या मंदिराच्या उत्तर दाराच्या आतील तुळईवर एक संस्कृत शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याचे वाचन केले तेव्हा त्यातील शकवर्ष ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असे ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला. पहिला आकडा सातचा नसून नवाचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजा शिलाहार वंशातील मामवाणी. एका आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले!

हे दोघे विद्वान परस्परांहून किती भिन्न! भाऊ दाजी एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर, इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेले. मुंबईच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. भगवानलाल मूळचे जुनागढचे. १८६१ साली ते भाऊ दाजींच्या मदतीला मुंबईत आले. इंग्रजी शिक्षणाचा लाभ त्यांना झाला नव्हता. ते आपले निबंध गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्यांचे इंग्रजी भाषांतर करीत. तरीही हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट बहाल केली. ज्ञान इंग्रजीवाचून अडले नाही. मात्र ते जगाच्या कानी पडण्यासाठी इंग्रजीचे दार उघडावे लागले. या दोन गोष्टींतील फरक आमच्या मुलांना कळला, तर त्यांचा अर्धा न्यूनगंड तेथेच गळून पडेल.

याच पंडितांनी १८८२ साली आपल्या वसईजवळील सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी तेथे मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मथुरेचा सुप्रसिद्ध सिंहशीर्ष त्यांच्याच मृत्युपत्रान्वये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

त्याच ब्रिटिश म्युझियमचे तत्कालीन संचालक नील मॅकग्रेगर यांनी २०१० साली बीबीसी रेडिओवर एक मालिका सादर केली. शंभर वस्तू, शंभर भाग आणि प्रत्येक भाग सुमारे पंधरा मिनिटांचा. त्यांत सिंधू संस्कृतीची मुद्रा आहे, अशोकस्तंभाचा तुकडाही आहे. रेडिओवर वस्तू दाखवता येत नाही. म्हणून निवेदकाला ती शब्दांनीच श्रोत्याच्या तळहातावर ठेवावी लागते: किती लांब, किती जड, कशाची, कोठे सापडली. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू कोणता? मोघम शब्दांना तेथे थाराच नाही. या मालिकेचे भाग आजही इंटरनेटवर ऐकता येतात. प्रथम वस्तूचे चित्र पाहावे, मग भाग ऐकावा, न कळलेले शब्द टिपावे आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा ऐकावा. आपल्याकडेही पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओ मालिका तयार केली होती. कानावाटे भाषा शिकण्याचा मार्ग आपल्याला परका नाही.

वस्तूंच्या इंग्रजीत मराठी मुलाला आणखी एक सोय आहे. संग्रहालयातील पाट्यांवर ‘वॉज फाउंड’, ‘वॉज कार्व्ह्ड’, ‘वॉज मेड’ अशी वाक्ये असतात. करणारा मागे, वस्तू पुढे. आपणही ‘पंडितांनी लेख वाचला’, ‘पंडितांनी पाटी वाचली’ असे म्हणतो. क्रियापद पंडितांचे नव्हे, वाचलेल्या वस्तूचे ऐकते. ही वळणे आपल्या जिभेला अगदीच अनोळखी नाहीत.

शिवाय वस्तू शोधायला लंडनला कशाला जायला हवे? दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ साली तिचे नाव उल्हासनगर झाले. पण कॅम्प, बरॅक, सेक्शन हे शब्द पत्त्यांत तसेच राहिले. अंबरनाथचा विम्को नाका रोज तोंडात असतो. त्या नावात १९२३ साली स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ ही सबंध चार शब्दांची आगपेटी दडली आहे. घरातले रॉकेलचे कंदील, जुनी रेशनकार्डे, आजीची कापं यांवर रोज पाच वाक्ये लिहिली, तरी वर्षभरात अठराशे वाक्ये होतात.

त्या रविवारी मी त्या तरुणाला मंदिरावर पाच इंग्रजी वाक्ये बोलायला सांगितले. तिसऱ्या वाक्याला तो अडखळला आणि शेवटच्या वाक्यात त्याने शतकच चुकवले. मी हसून म्हणालो, “घाबरू नकोस, या तुळईखाली भाऊ दाजीही दोन शतकांनी चुकले होते.” तोही हसला, आणि ते वाक्य त्याने पुन्हा, बरोबर म्हटले.